फोटो कोणाचा

मान तुटलेला बैल घेऊन ती मुलगी जुन्या मंगळवारीतल्या गल्लीत आली, तेव्हा रंभाबाई दारात बसून झुलींना बेगड चिकटवत होत्या. आषाढ सरत आला होता. पोळा महिन्यावर, त्यामुळे उंबऱ्यापासून आतल्या खोलीपर्यंत लाकडी बैलांची दाटी झालेली. काहींचे डोळे रंगवायचे राहिलेले, काहींना चाकं बसायची होती.

"माहेरनंदी तुम्हीच विकता ना?" मुलगी उन्हातून आली होती आणि चिडलेली होती. "माझ्या भाच्यासाठी मागवला. पहिल्याच दिवशी मान हातात आली. फोन केला तर उचलत नाहीत. शेवटी नावावरून विचारत विचारत आले."

रंभाबाईंनी हात पुसून बैल घेतला. उलटासुलटा करून पाहिला आणि आतल्या बाजूला हाक मारली. "दुर्गेश, इकडं ये बरं."

दुर्गेश त्यांच्या नवऱ्याचा, दादाजीचा पुतण्या. दादाजी गेल्यापासून लाकूडकाम तोच करायचा. त्यानं तुटलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "काकू, हा आपला नाही. हे लाकूडच नाही, भुसा दाबून केलेली पाटी हाये."

"मग हे काय आहे?" मुलीनं फोन पुढे केला.

फोनवर एक पेज होतं. नाव 'माहेर नंदी', मधे जागा सोडून. खाली फोटो. गच्चीवरच्या कठड्यावर ठेवलेला, मान वळवून मागे पाहणारा बैल. सकाळचं ऊन. मागे पिंपळाचा शेंडा. रंभाबाई ते फोटो ओळखत होत्या. ती गच्ची त्यांच्याच घराची होती. फक्त फोन नंबर भलत्याचाच होता.

त्यांनी फोन परत दिला. मग मुलीला म्हणाल्या, "बस बाई. पाणी घे. बैल आमचा नाही, पण फोटो आमच्याच घरचे हायेत."

मुलीचं नाव वेदिका. रामदासपेठेत एका वकिलांच्या ऑफिसात काम करायची. ब्रँडची नावं, त्यांची नोंदणी, असलीच कामं. तिचा राग पाणी पिता पिता उतरला आणि जाताना ती म्हणाली, "काकू, हे सोडून देऊ नका. उद्या ऑफिसला या."

रंभाबाई पारशिवनीच्या. लग्न करून नागपुरात आल्या त्याला आता एक पिढी उलटली. पाठवणीच्या दिवशी वडिलांच्या बैलगाडीतून मोटार स्टँडवर जायचं होतं. नवरीनं मागे वळून पाहू नये, असं आत्यानं बजावून ठेवलेलं. त्यांनी पाहिलं नाही. पण गाडीला जुंपलेला सोन्या नावाचा बैल गल्लीच्या वळणापर्यंत सारखा मान वळवून घराकडे पाहत राहिला. वडील कासरा ओढत होते आणि तो पाहत होता. ही गोष्ट त्यांनी नव्या नवऱ्याला सांगितली. दादाजी सुतार माणूस, बोलायला कमी. पुढच्या पोळ्याला त्यानं मान वळवलेला बैल घडवला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात लहान मुलं असे लाकडी बैल दोरीनं ओढत घरोघर जातात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात, खाऊ नाहीतर पैसे. त्या वर्षी गल्लीतल्या लोकांनी दादाजीला हसून घेतलं. "कागा दादाजी, तुहा बैल चोर हाये का? मागं पाहून चालते!" पण पोरं तोच मागायला लागली. दादाजी घडवायचा आणि रंभाबाई रंगवायच्या. डोळे त्या कुणालाच रंगवू द्यायच्या नाहीत.

'माहेरनंदी' हे नाव ठेवलं त्यांच्या मुलीनं, गुंजननं. कॉलेज संपवून ती घरी होती तेव्हा तिनं पेज सुरू केलं. भल्या सकाळी बैल घेऊन गच्चीवर जायची, पोटावर पडून फोटो काढायची. तिनं तेव्हाच म्हटलं होतं, "बाबा, आधी नावाची न् आकाराची नोंदणी करू, मग फोटो टाकू."

दादाजी हसला होता. "बैल काय कोनाच्या बापाचा असते, पोरी?"

फोटो गेले आणि ऑर्डरी यायला लागल्या. पुणे, बंगळूर, दुबईसुद्धा. घेणारे बहुतेक नागपूर सोडून गेलेले लोक. त्यांच्या चिठ्ठ्या यायच्या, आमच्या मुलानं कधी तान्हा पोळा पाहिला नाही, त्याला दाखवायचा आहे. गुंजन त्या मोठ्यानं वाचून दाखवायची आणि रंभाबाई हातातला ब्रश थांबवून ऐकायच्या.

मग दादाजी गेला. गुंजननं सौरवशी लग्न केलं. तो बुटीबोरीच्या कापड कारखान्यात होता. पुढे त्याची बदली कोईमतूरला झाली आणि ती दोघं तिकडे गेली. घरात बैल तेवढे उरले.

पुढचं रंभाबाई कुणाला सांगत नसत. गल्लीत ते अर्धवटच ठाऊक होतं. एका श्रावणात कोईमतूरहून फोन आला. गुंजनला दिवस गेले होते, पण गर्भ टिकला नव्हता. ती दवाखान्यात होती. "आई, ये ना," एवढंच म्हणाली. घरात तेव्हा आत्तासारखेच बैल दाटले होते, माल बांधायचा होता, दुर्गेश नवखा होता. रंभाबाई म्हणाल्या, "पोळा झाला का येतो, बाई." त्यांना वाटलं, काही दिवसांचाच तर प्रश्न आहे. पोळा झाला, तान्हा पोळा झाला आणि त्यांनी फोन केला, तेव्हा गुंजननं उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काही महिन्यांनी तो नंबरच बंद झाला. सौरवला केला तर तो अदबीनं म्हणाला, "मम्मीजी, वो अभी बात नहीं करेगी. मैं समझाता हूँ." पुन्हा त्याला विचारायची त्यांना लाज वाटली. बिनबोलावता जाऊन उभं राहायचा धीर त्यांना झाला नाही.

रामदासपेठेतल्या ऑफिसात वेदिकानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि समजावून सांगायला बसली. दुर्गेश बरोबर होता.

"काकू, नाव तुमचं आहे. त्याचा अर्ज आपण आजच करू. पण नोंदणी पदरात पडायला वर्ष तरी लागेल, जास्तच."

"आणि त्या वळवल्या मानेचं?" रंभाबाईंनी विचारलं.

वेदिकानं पेन खाली ठेवलं. "आकाराची नोंदणी फोटो बाहेर पडायच्या आधी करायला हवी होती. सगळ्या जगानं पाहिल्यावर ती मिळत नाही. मान वळवलेला बैल आता कुणीही करू शकतो. आपण थांबवू शकत नाही."

रंभाबाईंच्या डोळ्यांपुढे सोन्या आला. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या.

"पण फोटो!" वेदिका उत्साहानं पुढे सरकली. "फोटोंचं काम लवकर होतं. चोरलेल्या फोटोची तक्रार ॲपवरच करता येते, दोन-तीन दिवसांत उतरवतात. फक्त फोटोवर हक्क ज्याचा, त्यानंच तक्रार करायची. आणि हक्क फोटो काढणाऱ्याचा असतो. ते फोटो कोणी काढले?"

"माह्या पोरीनं."

"मग सोपं आहे. त्यांनी तक्रार करायची. किंवा हक्क तुमच्या नावे लिहून द्यायचा, एक सही पुरेल."

रंभाबाईंनी कप खाली ठेवला. "तिले नाही विचारत."

"काकू, एक सहीच तर..."

"तिले नाही विचारत मी. दुसरं काही सांग."

दुर्गेश मधे पडला. "मॅडम, फोटो आपणच काढले म्हणून लिहून टाकू. कोण पाहते?"

"खोटं लिहू नका, अंगाशी येईल," वेदिका म्हणाली. पण रंभाबाईंनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यानं तो आधीच गप्प झाला होता. "तिचं हाये ते तिचं राहू दे," त्या म्हणाल्या.

जुन्या पेजची किल्ली, म्हणजे पासवर्डही, गुंजनच्या बंद पडलेल्या नंबरातच अडकलेली होती. म्हणून नवं पेज काढायचं ठरलं, रंभाबाईंच्या नावानं. वेदिकानं त्यांचा मेल काढून दिला, तक्रार कशी करायची ते दोनदा करून दाखवलं. आणि सांगितलं, "तुमच्याकडे जुना पुरावा काय असेल तो पेजवर टाका. हे काम तुमच्या घरात कधीपासून चालतं ते लोकांना दिसू दे."

घरी आल्यावर रंभाबाईंनी भिंतीवरची तसबीर उतरवली. दीड-दोन वर्षांची गुंजन दादाजीच्या पहिल्या बैलावर बसलेली. बैल जेमतेम तिच्या गुडघ्याइतका, तिनं त्याच्या शिंगांना धरलेलं आणि तोंड उघडं. फोटो दादाजीनं मित्राच्या कॅमेऱ्यानं काढला होता. त्यांनी काच पुसली, दुर्गेशकडून फोटोचा फोटो काढवून घेतला आणि नव्या पेजवर तो सगळ्यात आधी टाकला. खाली लिहिलं, 'आमचा पहिला बैल.' पोरीचं नाव लिहिलं नाही.

त्यांना फोटो काढता येत नव्हते, ते त्या शिकल्या. पहिले सगळे हलले. मग त्यांनी बैल डाळीच्या डब्यावर ठेवून पाहिला, खिडकीत ठेवून पाहिला. गच्चीवर गेल्या नाहीत. त्या जागेचे फोटो झालेले आहेत, असं त्यांना वाटत असावं. चोरानं हे नवे फोटोही उचलले. पण आता त्या वाटच पाहत होत्या. चष्मा लावून, एकेक प्रश्न पुटपुटत त्यांनी पहिली तक्रार केली. हा फोटो तुम्ही काढला आहे का? हो. वापरायला परवानगी दिली होती का? नाही. फोटो उतरला, तेव्हा त्यांनी दुर्गेशला जिलबी आणायला पाठवलं.

मग त्यांना तो नादच लागला. दुपारी हातातलं काम झालं की फोन घेऊन बसायच्या आणि शोधायच्या. गल्लीतले मूर्तीवालेसुद्धा त्यांच्याकडे यायला लागले. "रंभाबाई, माह्या गणपतीचा फोटो कोणीतरी लावून राहिला, पाहा बरं." त्या बघून द्यायच्या.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. नकली पेजवरचे नवे फोटो उतरले, पण गुंजनचे जुने फोटो तिथेच होते. त्यांना हात लावायचा रंभाबाईंना हक्क नव्हता. दुर्गेशची चिडचिड व्हायची. लोक फसत होते, तुटके बैल घेऊन येत होते. आणि रंभाबाई? त्या ते पेज उघडून बसायच्या. आपल्या जुन्या पेजवरही तेच फोटो होते, पण चोरानं ते मोठे करून लावले होते. कठड्यावरच्या एका फोटोत, खालच्या कोपऱ्यात, एक सावली होती. पोटावर पडलेल्या मुलीच्या डोक्याची आणि वर केलेल्या कोपराची. केस बांधलेले नाहीत हेसुद्धा कळत होतं. इतकी वर्षं त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. चोरानं फोटो मोठा केला म्हणून दिसलं. दुर्गेश "काकू, काय पाहून राहिल्या?" म्हणाला की त्या फोन उपडा ठेवायच्या.

तान्हा पोळा आला. दिवसभर पोरं बैल ओढत दारात येत होती, रंभाबाई बोजारा देत होत्या. लाडू, रुपया, लाडू, रुपया. दुपारी जरा उसंत मिळाली म्हणून त्यांनी सवयीनं फोन उघडला आणि माहेरनंदीच्या नावानं शोधलं.

एका अनोळखी खात्यावर त्यांना तसबिरीतला फोटो दिसला.

बैलावर बसलेली गुंजन. त्यांच्या भिंतीवरचा, दादाजीच्या हातचा फोटो. खात्याचं नाव इंग्रजीत होतं, कुठल्याशा मयुराची डायरी. शेजारी आणखी एक फोटो जोडलेला होता, कुणाचं तरी मूल दोरी धरून चाललंय असा, आणि खाली माहेरनंदीच्या नावापुढे दोन इंग्रजी शब्द. पण रंभाबाईंना दुसरं काही दिसलंच नाही. बैल नेले, नाव नेलं, आता माझ्या भिंतीवरची पोरगीही नेता का? त्यांनी तिथल्या तिथे तक्रार केली. या फोटोवर त्यांचा हक्क होता, नवऱ्याच्या मागे तो त्यांचाच. एकही खोटं उत्तर द्यावं लागलं नाही. दारात पोरं "आजी, बोजारा!" म्हणून ओरडत होती आणि त्या बोटानं एकेक चौकोन दाबत होत्या.

दुसऱ्या दिवशी फोटो उतरला. त्यांनी दुर्गेशला समाधानानं सांगितलं, "काढून टाकला."

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या मेलवर पत्र आलं. मराठीत होतं, म्हणून त्यांनी स्वतःच वाचलं.

'आई, तू तक्रार केलेला फोटो ॲपनं काढून टाकला. तक्रार करणाऱ्याचं नाव ते कळवतात, म्हणून मला समजलं. तो फोटो बाबांनी काढला होता हे खरं आहे. पण त्यातली पोरगी मी आहे. तुझ्या नव्या पेजवर दिसला म्हणून घेतला, विचारलं नाही, ही माझी चूक. शेजारी जी होती ती मयुरा. माझी मुलगी. गुंजन.'

रंभाबाईंनी ते पुन्हा वाचलं. मग घाईघाईनं ते खातं उघडलं. तिथे आता फोटो नव्हता. बाकीचं खातं एव्हाना कुलूपबंद झालं होतं, ओळखीच्यांनाच दिसेल असं केलेलं. त्या खोलीभर फिरल्या, पुन्हा येऊन बसल्या. दुर्गेश जेवून आला तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"काकू, काय झालं?"

"तिले पोरगी हाये रे, दुर्गेश."

"कोनाले?"

"गुंजनले. मी पाह्यली. अन् मी पाह्यलीच नाही." त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "फराक कोणत्या रंगाची होती तेबी मले आठवून नाही राहिलं. केस होते का, तेबी नाही. मी आपलाच फोटो पाहत बसली."

तशाच त्या रामदासपेठेला गेल्या. वेदिकानं सगळं ऐकलं. हसावं की काय करावं, असं तिच्या चेहऱ्यावर क्षणभर झालं. मग तिनं खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "तक्रार मागे घेता येते, काकू. आत्ता लिहू. फोटो परत यायला वेळ लागेल थोडा."

"किती?"

"ते त्यांच्या हातात आहे."

उत्तर काय लिहावं हे मात्र वेदिका सांगू शकत नव्हती. रंभाबाईंनी घरी बसून लिहिलं आणि पुसलं. बरंच लिहिलं होतं, श्रावणाबद्दल, दवाखान्याबद्दल. ते सगळं गेलं. शेवटी एवढंच गेलं: 'तक्रार वापस घेतली. मी नीट पाह्यलं नाही. फोटो आला का पाहीन.' आणि खाली आपला फोन नंबर, जणू तो बदलला होता. तो बदललेला नव्हता. इतक्या वर्षांत दुर्गेशनं स्वस्तातलं दुसरं कार्ड आणलं होतं, ते त्यांनी घालू दिलं नव्हतं.

त्या दिवसांत त्यांचं कामावर लक्ष नव्हतं. पोळा झाला होता, घर मोकळं झालं होतं. फोन कुठेही खाली ठेवायच्या नाहीत. न्हाणीघरात जातानासुद्धा दुर्गेशच्या हाती द्यायच्या. "कोनाचा आला त उचल. ठेवू नको म्हणा."

फोटो आला, आणि खातंही त्यांच्यासाठी उघडलं, तेव्हा भाजीवाला दारात होता. त्याला तसाच उभा ठेवून त्या आत गेल्या. डावीकडे गुंजन बैलावर. उजवीकडे एक पोरगी, पिवळं झबलं, कुरळे केस, पायात एकच चप्पल. तिच्या हातात दोरी, आणि दोरीला दादाजीनं शेवटी शेवटी घडवलेला एक बैल. गुंजन जाताना घेऊन गेली होती. रंग उडालेला, एका डोळ्याचा टवका गेलेला. रंभाबाईंनी बोटांनी फोटो मोठा केला. पोरीचं कपाळ दादाजीचं होतं. भाजीवाला हाका मारून निघून गेला.

संध्याकाळी फोन वाजला.

"आई."

"हो."

मग गुंजन रागावल्यासारखी म्हणाली, "ते नकली पेज माहे फोटो लावून राहिलं. मी पाहतो नं. तू बाकीचे उतरवले, माहे काहून नाही उतरवले?"

"तुहे होते ते."

"मग मले सांगाचं ना."

"काय तोंडानं सांगू वं?" रंभाबाईंचा आवाज फुटला. "तवा कामासाठी आली नाही. आता कामासाठीच फोन करू का तुले?"

पलीकडून पंख्याचा आवाज आला आणि लांब कुठेतरी लहान मुलाची बडबड. रंभाबाई ती बडबड ऐकत राहिल्या. ती मराठी नव्हती.

"मी करतो तक्रार," गुंजन म्हणाली. "वकीलबाईचा नंबर दे."

"येऊ का मी?" रंभाबाईंनी विचारलं. "कामधाम काही नाही आता. उद्या निघतो म्हटलं तरी..."

"नाही," गुंजन म्हणाली. "इतक्यात नको, आई. मी सांगतो."

गुंजननं आपल्या फोटोंची तक्रार केली आणि नकली पेज ओस पडलं. काही दिवसांनी ते दिसेनासं झालं. जुन्या पेजची किल्लीही तिनं कुठून कुठून खटपट करून सोडवली आणि दुर्गेशच्या हवाली केली. हे सगळं ती वेदिकाशी बोलायची, दुर्गेशशी बोलायची. रंभाबाईंना कामाचं तेवढं विचारायची, बाबांच्या मृत्यूचा दाखला कुठे आहे, नावाचा अर्ज कोणत्या तारखेचा. रंभाबाई उत्तर द्यायच्या आणि आणखी काही विचारील म्हणून फोन कानाला धरून ठेवायच्या. काम संपलं तसे फोन कमी झाले. दिवाळीच्या सुमारास इतवारीच्या बाजारात एका दुकानात त्यांना मान वळवलेले यंत्रावर कापलेले बैल ओळीनं मांडलेले दिसले. दुर्गेश भांडायला निघाला होता, त्यांनी त्याचा हात धरला. "नाव आपलं नाही लावलं ना? चाल."

कार्तिकात गुंजनचा फोन आला. "तिकीट पाठवलं हाये. पाहून घे."

रंभाबाई पहिल्यांदाच विदर्भाच्या बाहेर जात होत्या. दुर्गेशनं गाडीत बसवून दिलं. त्यांनी सोबत तिळाचं, शेवयांचं, तिखटाचं एवढं घेतलं होतं की बाकाखाली मावेना. बैल एकही घेतला नाही. नेऊ का नको, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

स्टेशनवर सौरव आला होता, पाया पडला. घरी दार गुंजननं उघडलं. ती जाड झाली होती, केस कापले होते. "ये," म्हणाली आणि पिशव्या घ्यायला वाकली. मयुरा तिच्या मागे होती. रंभाबाईंनी हात पुढे केला, तशी ती किंचाळून शेजारच्या घरात पळाली. तिथे एक म्हातारी होती. तिला ती 'पाटी' म्हणायची. तिकडे आजीला पाटी म्हणतात, हे रंभाबाईंना सौरवनं सांगितलं. ती म्हातारी मयुराला कडेवर घेऊन आली, हसून तमिळमध्ये काहीतरी बोलली. रंभाबाईही हसल्या. पोरगी त्या म्हातारीच्या मानेत तोंड खुपसून होती.

त्यांनी घाई केली नाही. आपण बसलोय तिथे बसून राहायच्या. पोरगी लांबून जायची, तेव्हा तिच्याकडे बघायच्याही नाहीत, बघितलं की ती रडायची. गुंजन कामाच्या नादात बोलायची, इथला भाव, इथलं पाणी, सौरवचा कारखाना. जुन्या गोष्टीचा विषय कुणी काढला नाही.

एका दुपारी मयुरा आत झोपली होती आणि दोघी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. लहान लहान झबली होती, रंभाबाई एकेक हातानं सारखं करून ठेवत होत्या. गुंजन खाली बघतच म्हणाली, "तवा तू आली असती ना, आई, त..."

तिनं घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

"हो," रंभाबाई म्हणाल्या.

आतून मयुराचं रडणं ऐकू आलं. दोघीही उठल्या. मग रंभाबाई परत खाली बसल्या. झोपेतून उठल्या उठल्या आपलं तोंड दिसलं तर ती आणखी रडेल, हे त्यांना आता ठाऊक झालं होतं. गुंजन आत गेली. दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून थोपटल्याचा आवाज आला, मग गुंजन काहीतरी गुणगुणायला लागली, अर्धं मराठी, अर्धं तिकडचं. रडणं हळूहळू कमी झालं. रंभाबाईंनी पुढचं झबलं उचललं, मांडीवर पसरलं आणि दाराकडे कान देऊन त्याच्या बाह्या आत दुमडायला लागल्या.